वितोशाची दगडी नदी: धोंडे कुठून आले, आणि मुलाला वर न्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोकरीमुळे तुम्ही सोफियात आहात. शहराला लागूनच दक्षिणेला वितोशा पर्वत आहे. त्यावरच्या ‘झ्लातनी मोस्तोवे’ म्हणजे ‘सोनेरी पूल’ या जागी तुम्ही जाऊन आलात आणि जंगलाच्या मधोमध नदीसारखी पसरलेली, गाडीएवढ्या गोल धोंड्यांची रांग पाहिलीत. ऑफिसातला एक सहकारी त्यांना ‘मोरेनी’ म्हणतो, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगड. दुसरा म्हणतो, ज्वालामुखीने फेकले. यातलं खरं काय? आणि आठ वर्षांच्या मुलाला जूनमध्ये त्या दगडांवरून चालवत न्यायचं मनात आहे, तर ते हलतील का?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझ्या बोलण्यावर किती विसंबायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी भूरूपशास्त्राचा माणूस. गेली सव्वीस वर्षं सह्याद्रीतले उतार, दरडी आणि रस्त्यांचे काप तपासतोय. वितोशावर दोन वेळा गेलोय, सगळे मिळून नऊ दिवस. तिथल्या संशोधकांसारखा त्या डोंगराशी माझा आयुष्यभराचा घरोबा नाही. पण हे धोंडे ज्या रीतीने तयार होतात ती रीत माझ्या रोजच्या कामातली आहे.

दोघंही सहकारी चुकलेत, पण दोघांकडेही थोडं थोडं खरं आहे. घोळ मुळात प्रश्नापासून सुरू होतो. ‘हे दगड आले कुठून?’ असं जवळपास प्रत्येक जण विचारतो. पहिल्या दिवशी माझ्या वहीतही तेच वाक्य होतं. त्याने डोकं भलत्या दिशेला जातं, आणणारा कोण ते शोधत बसतं. हे धोंडे बरेचसे त्याच उताराचे आहेत. हरवलंय ते त्यांच्या मधलं सामान. ती माती, तो मुरूम कुठे गेला असं विचारलं की कोडं सुटायला लागतं.

ज्वालामुखीवाल्याकडचं खरं आधी घेतो. वितोशाचा गाभा शिलारसाचाच आहे, पण हा रस बाहेर उसळून वाहिला नाही. क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धात, आपल्या दख्खनचे लाव्हा वाहायच्याही आधी, तो जमिनीखाली सावकाश थिजला. त्यातून सायनाइट, मॉन्झोनाइट असे भरड कणांचे खडक झाले. वरचं आवरण झिजलं, डोंगर उचलला गेला, गाभा उघडा पडला. तेव्हा खडक आगीतून आलेला आहे, पण एकही धोंडा हवेतून उडून तिथे पडलेला नाही. साधं भिंग लावलंत तरी फेल्डस्पार या खनिजाचे मोठे मोठे स्फटिक दिसतील. एवढे मोठे स्फटिक सावकाश थंड होणाऱ्या खडकातच वाढतात. (हातोडा नेऊ नका. वितोशा 1934 पासून संरक्षित निसर्गोद्यान आहे, बाल्कन द्वीपकल्पातलं पहिलं. मीही भिंगावरच भागवलं.)

आता हे धोंडे इतके गोल कसे? गोल दगड दिसला की आपण तो पाण्यात लोळून गोल झाला असं धरून चालतो. पण चौकोनी खडक जमिनीत जागच्या जागीही गोल होतो. खडकाला सांधे असतात, उभे आणि आडवे. त्या चिरांतून पाणी झिरपतं आणि फेल्डस्पारची हळूहळू माती करतं. सपाट बाजूला पाणी एकाच अंगाने लागतं, कडेला दोन अंगांनी आणि कोपऱ्याला तीन. म्हणून कोपरे आधी कुजतात, मग कडा, आणि मध्ये शाबूत उरतो तो गोटा. भोवती कांद्याच्या पदरांसारखे पापुद्रे, त्यांच्याबाहेर मुरूम. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घाटात रस्त्याच्या कापाकडे बघा, काळ्या बेसॉल्टमध्ये हेच दिसेल. पोकलेनचा दात मुरमात सहज घुसतो, घुसतो आणि मध्येच ठण्णकन गोट्यावर आदळतो.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण पटली ती एका चुकीतून. एका घाटरस्त्याच्या कापाची तपासणी माझ्याकडे होती. मार्चमध्ये काप नुकताच झालेला, समोर सपाट तांबूस भिंत, त्यात कुठे कुठे गोट्यांची गोल तोंडं. ‘उतार ठीक’ असा शेरा मारून आलो. दोन पावसाळ्यांनी परत गेलो तर भिंतीतला मुरूम वाहून गेला होता, गोटे अर्धे बाहेर लोंबत होते आणि कापाच्या पायथ्याशी गटारात पंचवीस-तीस धोंडे एकमेकांना खेटून बसले होते. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. नवीन माणसाने ते गटार पाहिलं असतं तर विचारलं असतं, एवढे दगड इथे कुणी आणून टाकले? आणले कुणीच नव्हते. पावसाने बारीक ते नेलं, जड ते मागे राहिलं. वितोशावर हेच झालं, फक्त हिशेब दोन पावसाळ्यांचा नव्हता आणि धुणाऱ्या पाण्याला थंडीची साथ होती.

इथे हिमनदीवाल्या सहकाऱ्याकडचं खरं येतं. हिमयुगाचा या दगडांशी संबंध आहेच. सुमारे 21,000 वर्षांपूर्वी थंडीचा शेवटचा कडाका ऐन भरात होता, तेव्हा या उंचीवरची जमीन वर्षातला मोठा काळ गोठलेली असणार. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. ते मातीतल्या दगडांना दरवर्षी थोडं थोडं वर ढकलतं आणि चिरा रुंद करतं. उन्हाळ्यात वरचा हात-दोन हात थर वितळतो, खालची जमीन मात्र गोठलेलीच असते, त्यामुळे पाण्याला खाली मुरायला वाट राहत नाही. वरच्या मातीचा लगदा होतो आणि तो अगदी मंद उतारावरही सरकायला लागतो. त्या लगद्यावर बसून धोंडे दरीच्या तळाकडे आले, एकमेकांना लागले. पुढे हवामान तापलं, ओढ्यांना पाणी वाढलं आणि त्या पाण्याने दगडांच्या मधला लगदा धुऊन नेला. हिमनदी ही वेगळी चीज आहे. ती म्हणजे दरीतून घसरत जाणारा बर्फाचा जाड लोंढा. तसा लोंढा या दरीत होता असं म्हणायला जागा नाही.

हे मी कशावरून म्हणतो? तुम्हीही तपासू शकाल अशा खुणा आहेत. हिमनदी जे टाकून जाते, ज्याला आपण शाळेत हिमोढ म्हणून शिकलो, त्यात सगळ्या मापाचा माल एकत्र असतो: पिठासारखी माती, वाळू, खडे, धोंडे, अगदी भेळ केल्यासारखा. वाटेत भेटलेल्या नाना जातींचे खडक त्यात येतात आणि कित्येकांवर घासल्याचे समांतर ओरखडे असतात. इथे वर सगळे मोठे धोंडे, मध्ये पोकळी, खडक आसपासच्या कातळाच्याच जातीचा आणि ओरखडा एकही नाही. दोन दिवस मी हेच शोधत ओणवा फिरलो. शिवाय हिमोढ बहुतेक वेळा बांधासारखा उंचवटा होऊन बसतो. वितोशाचे धोंडे दरीच्या खोलगट तळात, ओढ्याच्या वाटेवर बसलेत.

आणखी खात्री हवी असेल तर एखाद्या शनिवार-रविवारी दक्षिणेला रिला पर्वतात जा. तिथलं मुसाला शिखर 2925 मीटरचं आहे. वितोशाचं सर्वोच्च टोक चेर्नी व्रह 2290 मीटर, म्हणजे सहाशेहून जास्त मीटरांनी ठेंगणं. रिलात हिमनद्यांनी कोरलेले वाडग्यांसारखे खळगे जागोजाग आहेत. प्रसिद्ध सात सरोवरं त्यांतच साचली आहेत. ते डोळ्यांत भरून वितोशाच्या माथ्यावर या. इथली पठारं गुळगुळीत, पसरट, खांदे उतरल्यासारखी दिसतात. एवढा फरक पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

‘मोरेनी’ हा शब्द मात्र सोफियात इतका रुळलाय की तो काढायला जाऊ नका. नीट बुल्गारियन शब्द ‘कामेन्ना रेका’, म्हणजे दगडी नदीच.

आणि चुकणारे आपण एकटे नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर क्वार्ट्झाइट या खडकाच्या तुकड्यांचे असेच लांबलचक पट्टे आहेत. 1833-34 मध्ये चार्ल्स डार्विन तिथे गेला, त्याने त्यांना दगडांचे प्रवाह म्हटलं, खाली खोल पाणी झुळझुळताना ऐकलं आणि कारण शोधता शोधता भूकंपापर्यंत पोचला. गोठण-वितळणीचं गणित तेव्हा कुणी मांडलेलंच नव्हतं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो, कारण तुम्हाला खरी काळजी त्याचीच आहे. झ्लातनी मोस्तोवेची दगडी नदी साधारण 2.2 किलोमीटर लांब आहे, रुंदी काही ठिकाणी 150 मीटरपर्यंत. वरचं टोक सुमारे 1800 मीटर उंचीवर आणि खालचं, जिथे रस्ता पोचतो ते, सुमारे 1410 मीटरवर. म्हणजे 2200 मीटरांत 390 मीटर उतार, सरासरी कोन दहा अंशांच्या आसपास. कड्याखाली कोसळलेल्या दगडांचा ढीग पस्तीस अंशांच्या जवळपास तोलून उभा असतो आणि तिथे एक दगड हलला की दहा हलतात. दहा अंशांवर, एकमेकांच्या खोबणीत अडकून बसलेला धोंडा माणसाच्या वजनाने घरंगळत नाही. दोन मीटर व्यासाचा एक धोंडा घ्या. घनफळ चार घनमीटरांहून थोडं जास्त, घनमीटरला 2.7 टन धरले तर अकरा टन. तुमचा मुलगा त्यावर कितीही नाचला तरी त्याला पत्ता लागणार नाही.

हे धोंडे अलीकडे हललेले नाहीत हे दगडफुलावरून कळतं. तेच आपलं मसाल्यातलं दगडफूल, त्याची भावंडं. इथे खडकावर पिवळट हिरवी, काळ्या रेघांनी नकाशा काढल्यासारखी एक जात दिसते, ऱ्हायझोकार्पॉन जिऑग्राफिकम. ती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. दगडाच्या उजेडाकडच्या अंगावर तळहाताएवढा ठिपका असेल तर तो दगड निदान शतकभर तरी त्याच कुशीवर निजलाय असं समजा. उलट, एखाद्या धोंड्याचा माथा कोरा आणि दगडफूल खालच्या अंगाला असेल तर तो उलटलाय, त्यापासून लांब राहा. मी दरडीच्या तपासणीत ही खूण हमेशा बघतो. पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. ‘सोनेरी’ या नावाचं एक कारण म्हणून याच दगडफुलाचा रंग सांगतात. दुसरं कारण असं सांगतात की खालच्या नदीच्या वाळूतून पूर्वी सोनं गाळत. मला पहिलं आवडतं, पण आवडण्याला पुरावा म्हणत नाहीत.

मग धोका कुठेच नाही का? आहे, पण मोठ्या दगडांत नाही. मोठ्या दगडांच्या मध्ये फुटबॉलएवढे, कलिंगडाएवढे दगड अडकलेले असतात, ते डुगडुगतात. पाय मोठ्यावर ठेवायचा, मधल्यावर नाही, हा नियम मुलाला पहिल्या पाच मिनिटांत शिकवा. दुसरा धोका ओलेपणाचा. कोरडं दगडफूल पायाला चांगलं धरतं, ओलं झालं की साबण. पाऊस पडत असेल, नुकताच थांबला असेल किंवा सकाळचं धुकं उतरलं असेल तर दगडांवर चढूच नका, कडेची पायवाट धरा. तिसरा पोकळ्यांचा. काही फटी माणूस कमरेपर्यंत जाईल एवढ्या आहेत. वसंतात त्यांच्यावर बर्फाचं पातळ झाकण राहतं आणि वरून सपाट दिसतं. जूनमध्ये एवढ्या उंचीवर बहुधा ते गेलेलं असतं, पण सावलीतल्या कोपऱ्यांत खात्री करूनच पाय टाका. फटीत न बघता हात घालू द्यायचा नाही; या डोंगरावर व्हायपर जातीचे विषारी साप आहेत आणि ऊन खायला त्यांनाही दगडच लागतात. माझी मोजपट्टी अशाच एका फटीत गेली, ती अजून तिथेच आहे. मोबाइल खिशाची चेन लावून ठेवा. उन्हाळ्यात दुपारनंतर वीजवादळं येतात, तेव्हा सकाळी जा आणि जेवायच्या वेळेपर्यंत उतरा.

आठ वर्षांचं मूल नेता येईल का, तर खालच्या टोकाला, कोरड्या दिवशी, तुमच्या हाताच्या अंतरात, जरूर. पूर्ण लांबी दगडांवरून चढायची म्हणाल तर मी नेणार नाही. मूल दमतं तेव्हा सांगत नाही, उड्या मारायच्या थांबवून पाय घासायला लागतं, आणि तेव्हा दगडांच्या मधोमध असलात तर परतीलाही तेवढेच दगड ओलांडावे लागतात.

एवढ्या लांब गेलाच आहात तर दगडांच्या आसपासचंही पाहा, कारण दगडी नदी एकटी तिथे नाही. पोकळ्यांत हिवाळ्याची जड गार हवा उतरून बसते. जूनच्या उन्हातही एखाद्या फटीपाशी घोट्यांना गार झुळूक लागेल. धोंड्यांच्या मध्ये झाडाला मूळ धरायला माती नाही, म्हणून जंगल काठावर येऊन थांबतं. खालच्या बाजूला बीचची झाडं, वर गेलात की स्प्रूसची, आणि कडेला बिलबेरीची झुडपं. काठावरचे स्प्रूस सरळ उभे आहेत का तेही बघा. जमीन सरकत असती तर बुंधे पायथ्याशी कोयत्यासारखे वाकले असते. बर्फाच्या ओझ्यानेही असा वाक येतो, तेव्हा एका झाडावरून निकाल देऊ नका.

धोंड्यांच्या खालून व्लादायस्का नदी वाहते. ती दिसत नाही, ऐकू येते. पुढे ती सोफिया शहरातून जाते आणि इस्करमार्गे डॅन्यूबला, म्हणजे शेवटी काळ्या समुद्राला मिळते. याच डोंगरावर उगम पावणारी स्ट्रुमा मात्र दक्षिणेला एजियन समुद्राकडे जाते. माथ्यावर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची दलदल आहे, तोर्फेनो ब्रानिश्ते हे राखीव क्षेत्र 1935 मध्ये तिच्यासाठीच केलं. ती शेवाळी दलदल स्पंजासारखं पाणी धरते आणि ओढ्यांना सावकाश सोडते. पायवाट सोडून तिच्यात पाय घालू नका. बूट खराब होतील हे किरकोळ. तो थर पुन्हा भरायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

पूर्वेकडच्या बिस्ट्रिश्को ब्रानिश्तेत, तो राखीव भाग 1934 चा, तुम्हाला वाळलेल्या स्प्रूसचं उजाड रान दिसेल. 2001 च्या वादळात तिथली झाडं मोठ्या प्रमाणावर आडवी झाली, मग साल पोखरणारे भुंगेरे पसरले, 2012 मध्ये वणवाही लागला. मेलेली झाडं उचलायची की तशीच ठेवायची यावर तिथे बरंच भांडण झालं. माझं मत ठेवा या बाजूचं आहे, पण मी दगडांचा माणूस, झाडांच्या जाणकाराचं ऐका.

एक गोष्ट परिस्थितीवर सोडतो. वर मी सांगितलं ते झ्लातनी मोस्तोवेबद्दल. वितोशावर अशा दगडी नद्या आणखी आहेत, बहुतेक डोंगराच्या मधल्या पट्ट्यात. प्रत्येकीत जागच्या जागी उघडे पडलेले धोंडे किती आणि सरकत आलेले किती, हे प्रमाण सारखं नसणार. माथ्याजवळच्या उतारावर धोंडे बरेचसे जागचे, दरीच्या तळात सरकून आलेले जास्त, असा माझा अंदाज आहे. लांबट धोंडे उताराच्या दिशेला तोंड करून बसलेत का, हे मोजलं की अंदाज सुधारतो. मी खालच्या टोकाला चाळीस मोजले, कल उताराकडे होता, पण चाळीसच्या जोरावर छाती ठोकून बोलणं बरं नव्हे. तसंच ‘वय किती’ याला एक आकडा नाही. खडकाचं वय वेगळं, गोटा गोल झाला तो काळ वेगळा, सरकला तो वेगळा आणि उघडा पडला तो आणखी वेगळा.

मुलाला न्याल तेव्हा एक खेळ सांगतो, माझ्या विद्यार्थ्यांना देतो तोच. खालच्या टोकापासून सुरुवात करायची, दर वीस पावलांना थांबून दगडाला कान लावायचा आणि पाण्याचा आवाज कुठे मोठा, कुठे बारीक ते कागदावर मांडायचं. बर्फ नुकतं वितळलेलं असतं त्या दिवसांत आवाज चांगला येतो, सप्टेंबरात कान ताणावे लागतात. तासाभरात त्याच्या हातात दगडांखालच्या नदीचा नकाशा तयार होईल. तो मला दाखवलात तर आवडेल, माझा अर्ध्यावरच राहिला होता. मोजपट्टी गेली त्या फटीपाशी.